पूजेच्या पाण्यातून गेलेले दोन अँपिअर

प्रिय किसनदादा,

आज खंडेनवमी. सरकी काढायच्या आपल्या जिनात यंत्रांची पूजा आहे, आणि तुम्ही गेल्यानंतरची ही पहिलीच. वीज करणाऱ्या डायनामोची खोली आता माझ्याकडे आली. सकाळी हळदकुंकवाचं तबक हातात घेतलं आणि पाऊल पुढे पडेना. म्हणून तुमच्याच स्टुलावर बसून लिहितो आहे.

मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. गुणाकार-भागाकार येत होते, पण ते कशासाठी, हे तुम्ही दाखवलंत. व्होल्टला अँपिअरनं भागलं की वाटेतला अडथळा कळतो, गुणलं की किती ताकद खर्च होते ते कळतं. मी विचारलं होतं, "दादा, न दिसणारं सारंच असं मोजता येतं का? देवसुद्धा?" तुम्ही हसलात. "त्याचा काटा माह्यापाशी नाही बे!"

ती खंडेनवमी आठवते? शेठजींनी नागपूरच्या साहेबांना नवे दिवे पाहायला बोलावलं होतं. दिवेलागणीला इंजिन सुरू झालं, डायनामो फिरू लागला. दिव्यांचं बटण अजून बंदच होतं. तुम्ही भिंतीवरच्या लाकडी फळीवर, मीटरच्या काट्याकडे पाहिलंत.

"श्रीपत, एकही दिवा लागला नाही ना?"

"नाही दादा."

"मंग काटा दोन अँपिअरवर काऊन हाये? एकशे दहा व्होल्टले दोननं भाग."

"पंचावन्न ओहम."

"आता गुण."

"दोनशे वीस वॅट."

"चार दिव्यांची ताकद कोण खाऊन राह्यलं मंग?"

शेठजी ओरडले, "मिस्त्री, साहेब उभे हायेत अन् तू पाढे म्हणून राह्यला!"

तुम्ही इंजिन बंद केलंत. साहेब अंधारात, शेठजी लालबुंद! कंदील आणून फळी उघडली. मागे साचलेला कापसाचा भुसका ओलाचिंब, तारांच्या दोन खिळ्यांमधलं लाकूड त्या ओलीतून वीज गेल्यानं काळं पडून धुमसत होतं. भिंतीपलीकडे कापसाचा ढीग होता. अर्धा तास गेला असता तर काय उरलं असतं? आत माणसंही होती, दादा.

ते पाणी माझं होतं. पूजेला फुलानं शिंपडतात, मी भक्तीच्या भरात अख्खा तांब्या रिता केला होता. तुम्ही माझ्या कुंकवानं माखलेल्या बोटांकडे पाहिलंत आणि शेठजींना म्हणालात, "चूक माही. पूजेआधी भुसका झाडाले पाह्यजे होता."

त्या हंगामभर शेठजींनी तुम्हाला या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. सगळं जीन वाचवणारा माणूस कापूस दाबायच्या प्रेसवर गाठी ओढत होता, लोक "पाढेवाले मिस्त्री" म्हणून हसत होते. आणि मी? मी मान खाली घालून उभा राहिलो. का वाचवलंत मला? एकदा शिव्या तरी द्यायच्या! तुम्ही परत आलात तेव्हाही एवढंच बोललात, "काटा पाहत जाय."

रोज देवापुढे हात जोडले, पण हे त्यालाही कधी मोकळेपणी सांगितलं नाही.

दादा, थोड्या वेळात सगळे जमतील. म्हातारे शेठजीही येणार आहेत. पहिलं फूल वाहण्याआधी मी त्यांच्यासमोर सांगेन की ते पाणी माझं होतं आणि हे जीन तुमच्या पाढ्यांनी वाचलं. खोलीची किल्ली मागितली, तर देऊन टाकीन. हे माझं वचन.

तुमचा,
श्रीपत