विहीणबाईंचा चष्मा आणि माझा मासा

सूनबाई,

तुझ्या आईचा चष्मा फ्रिजमध्ये अंड्यांच्या खणात आहे. तो तिथे स्वतःच चालत गेला असं सांगणार होतो, पण हल्ली या घरात माझ्यावर विश्वास ठेवतंय कोण?

विहीणबाई मुलांना जपमाळ शिकवतात, चष्मा लावून बायबल वाचून दाखवतात, त्याला माझी ना नाही. क्रुसाची खूण मीही शिकवली असती, कुणी विचारलं असतं तर. पण मी बोटीवर आचारी असताना मला माशाने गिळलं, ती गोष्ट मुलं रोज आ वासून ऐकायची. विहीणबाईंनी नेमका बायबलमधला योना काढला, तीन दिवस माशाच्या पोटात राहिलेला. थोरला मला म्हणतो, "आजोबा, तुम्ही तर एकच दुपार होतात!"

"अरे, पण मी आत स्वयंपाकही केला," मी म्हणालो. विहीणबाई हसल्या. पोरंही हसली आणि त्यांनाच जाऊन चिकटली.

काल जपमाळ संपल्यावर थोरल्याने मोठ्याने मागितलं, "देवा, आजोबांची थापा मारायची सवय सोडव." विहीणबाईंचं 'आमेन' केवढं खणखणीत! तेवढ्यात धाकटीने मिटल्या डोळ्यांनी हळूच जोडलं, "पण माशाची गोष्ट संपल्यावर."

मी कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे बसलोय. चष्मा पुसून दे त्यांना. जेवायला येतो. झोपायच्या आधी धाकटीला माझ्याकडे पाठव. मासा अजून किनाऱ्याला लागलेला नाही, आणि मी त्याला लागू देणार नाही.

तुझा सासरा