अपघातमुक्त दिवस : ऐंशी

२ जानेवारी, गुरुवार. सकाळी १०.

मेडिक्लेमवाल्याने दिलेली डायरी. कागद बरा आहे. यंदा रोज लिहिणार आणि मुद्द्याचंच लिहिणार.

काल सकाळी सव्वासातला गाडी बाहेर काढत होतो. बी विंगच्या कचराखोलीपाशी आमच्या सफाईवाल्या सोजरबाई ड्रम ओढत मध्ये आल्या. मी ब्रेक दाबला. गाडी तरी पुढे गेली. सोजरबाई भिंत आणि बंपर यांच्यामध्ये सापडल्या. उजव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. रॉड घालणार आहेत.

पाय ब्रेकवरच होता. नोंद असावी.

आनंदी चहा ओतता ओतता म्हणाली, अहो, पाय नक्की कुठे होता? सेहेचाळीस वर्षांच्या संसारानंतर बायकोने विचारायचा प्रश्न आहे का हा? गाडी ऑटोमॅटिक आहे, मुलाने, केयूरने, दसऱ्याला हट्टाने घेऊन दिलेली. क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. उरला एकच पाय. एका पायाची गल्लत होईलच कशी?

गाडी विकून टाका, असंही म्हणाली. मी पेपर उघडला.

२ जानेवारी. संध्याकाळी ६.

सोसायटीचा चेअरमन विश्वजीत रिपोर्ट मागतोय. त्याला म्हटलं, खडकीला कारखान्याच्या सेफ्टी सेक्शनमध्ये चौतीस वर्षं हेच केलंय. रकाने तीनच: घटना, कारण, उपाय. कारणाच्या रकान्यात आम्ही चौतीस वर्षं एकच वाक्य लिहीत आलो, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. साहेब लोक न वाचता सही करायचे. हात आपोआप तेच लिहून गेला. उपाय: पार्किंगमध्ये स्पीडब्रेकर व कर्ब बसवणे.

विश्वजीत खूश. असं असेल तर सोसायटीवर काय जबाबदारी येत नाय काका, म्हणाला. म्हणजे सोजरबाईंचा खर्च त्यांच्या त्या बघतील. तिथे जरा कसंतरी झालं. पण नियम तो नियम.

पोलीस हॉस्पिटलात जाऊन आले. सोजरबाईंनी त्यांना सांगितलं म्हणे, माझंच ध्यान नव्हतं, कुणाबद्दल तक्रार नाय. पाहा! रिपोर्ट बरोबरच आहे.

उद्या हॉस्पिटलात भेटायला जाणार.

५ जानेवारी.

जमलं नाही. पार्किंगची मापं घेत होतो. आनंदी डबा घेऊन गेली. आल्यावर काही बोलली नाही. तिचं न बोलणं दोन खोल्यांत ऐकू येतं.

१२ जानेवारी, रविवार. दुपारी २.

जनरल बॉडीची खास सभा. स्पीडब्रेकर एकमताने मंजूर. कुठे बसवायचे यावर अडीच तास.

प्रत्येकाचं म्हणणं, स्पीडब्रेकर हवाच, फक्त माझ्या स्लॉटसमोर नको. एकाची गाडी खालून घासते. एकाला मणक्याचा त्रास. गेटपाशी नको, कारण तिथे विश्वजीतची गाडी वळते. कॅमेराही त्याच गाडीकडे तोंड करून आहे, त्यामुळे एक तारखेचं काही रेकॉर्ड झालेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरची अपेक्षा म्हणाली, काका, स्पीडब्रेकरपेक्षा सीनियर सिटिझन्सची ड्रायव्हिंग टेस्ट घ्या ना, चीप पडेल. सगळे हसले. मी नोट केलं नाही.

शेवटी तोडगा मीच काढला. कचराखोली ते नळ या तीस फुटांत कोणाचाच स्लॉट नाही. चारही स्पीडब्रेकर तिथेच. अपघातही तिथेच झालेला, म्हणजे शास्त्रीयदृष्ट्याही योग्य. टाळ्या झाल्या. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच टाळ्या मिळाल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

उद्या हॉस्पिटलात नक्की.

१४ जानेवारी.

संक्रांत. आज कोणाकडे गोड बोलायला जावं, हॉस्पिटलात कशाला. सोजरबाईंना घरी सोडल्यावर जाईन. मागच्या गावठाणातच तर राहतात.

१९ जानेवारी.

कॉन्ट्रॅक्टर सुखदेव रबराचे काळे-पिवळे तुकडे घेऊन आला. पन्नास मिलिमीटर उंचीचे होते. मी पंचाहत्तर सांगितले. तो म्हणाला, पंचाहत्तर रस्त्याला लावतात काका, पार्किंगला पन्नास बास. पण सेफ्टीत काटकसर मी कधी केली नाही.

२५ जानेवारी. संध्याकाळी.

बोल्ट मारून झाले. भिंतीच्या कडेने कर्बचे दगडही लागले. सुखदेव दोनदा मध्ये बोलला.

एक, इथून गाड्या जातच नाहीत, मग अडवायचंय कोणाला? माणसाला प्लॅनिंगचं अंग नाही.

दोन, भिंतीकडे दोन फूट मोकळे सोडू का, कचऱ्याच्या ड्रमची चाकं तिथून जातील. मी स्पष्ट नाही म्हटलं. मोकळं सोडलं की टू-व्हीलरवाले घुसणार. फट म्हणून ठेवायची नाही. शेवटचा दगड माझ्यासमोर बसवून घेतला आणि पायाने दाबून पाहिला. हलत नाही.

२६ जानेवारी, रविवार.

झेंडावंदनानंतर उद्घाटन. पहिल्या स्पीडब्रेकरवर नारळ ठेवून पहिली गाडी माझीच न्यायची असं ठरलं. आनंदी वरच्या गॅलरीत उभी होती. खाली आली नाही.

पहिला छान पार. दुसरा, तिसरा पार. चौथ्यावर गाडीने उसळी घेतली आणि थेट कर्बवर चढली. बंपर तुटला. माणसं वेळेत बाजूला झाली. नारळ शाबूत.

एक गोष्ट सिद्ध झाली, कर्ब भक्कम आहे. नसता तर गाडी भिंतीत गेली असती.

पाय ब्रेकवरच होता.

२७ जानेवारी.

नवी कल्पना. कारखान्याच्या गेटवर असायचा तसा फळा लावला: 'अपघातमुक्त दिवस'. खाली खडूने आकडा, रोज सकाळी एक वाढवायचा. आज १. कालची घटना उद्घाटनाचा भाग असल्याने मोजलेली नाही. वॉचमन दशरथला बजावलं, मी नसलो तरी एक दिवस चुकता कामा नये. तो हो साहेब म्हणाला. शिस्तीचा माणूस.

१४ फेब्रुवारी.

फळा: १९.

सगळ्या तक्रारी क्षुल्लक. एजन्सीची बदली बाई म्हणते ड्रम ओढवत नाही. तिसऱ्या दिवशी काम सोडून गेली. हल्लीच्या लोकांना कष्ट नकोत.

बंपर बदलला. आनंदी गाडीत बसत नाही. कुठेही जायचं तर रिक्षा. स्वारगेटला भाचीकडेसुद्धा रिक्षा. मी एकटाच गाडीने मागून गेलो. ती आधी पोहोचली.

२ मार्च.

सोजरबाईंना घरी आणून महिना झाला. जाणार आहे. हातात काहीतरी घेऊन जावं लागेल, आणि काय न्यावं ते ठरत नाही.

३१ मार्च, सोमवार.

फळा: ६४. काल पाडवा झाला.

सोजरबाई कामावर हजर. पाय फेंगडा टाकतात. आता घरी बसून कसं चालंल, म्हणाल्या. मला पाहून थांबल्या आणि ड्रमला टेकून उभ्या राहिल्या. भाऊ, ह्यो एवडा उंचवटा कशापायी केलाय? मी सांगितलं, तुमच्यासाठीच. पुन्हा तुमच्यासारखा प्रसंग कोणावर येऊ नये म्हणून. त्या चारही स्पीडब्रेकरांकडे बघत राहिल्या. मग बरं म्हणाल्या.

मला समाधान वाटलं. आनंदीला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला खरंच काही दिसत नाही, की बघायचं नाही? मी म्हटलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीतच झालंय.

९ एप्रिल.

गॅलरीतून पाहिलं. सोजरबाई प्रत्येक स्पीडब्रेकरपाशी ड्रम मागे घेतात, दम खातात, मग दुखरा पाय टेकवून पुढे ढकलतात. चार वेळा. नळापर्यंत पोहोचायला अकरा मिनिटं. घड्याळ लावून पाहिलं.

त्यांनी विचारलं, भितीकडचा एक दगुड काढून देता का भाऊ, चाक जाईल तेवढंच. योग्य सूचना. खरं तर माझ्याही मनात होतंच. सुखदेवला फोन केला, तो गावच्या जत्रेला गेलाय. सोमवारी नक्की.

१४ एप्रिल, सोमवार.

सुट्टी. सुखदेव उद्या.

१५ एप्रिल.

सुखदेव सकाळी येऊन गेला, मी बँकेत होतो. उद्या.

१६ एप्रिल, बुधवार. दुपारी १२.

सोजरबाई पडल्या. तिसऱ्या स्पीडब्रेकरवर. भरलेला ड्रम मागे आला आणि त्यांच्या अंगावर. तोच पाय. रॉड वाकलाय. डॉक्टर म्हणाले, आता काठीशिवाय चालता येणार नाही, आणि कामाचं तर नावच नको.

आनंदीने त्यांच्या अंगावरचा कचरा स्वतःच्या हाताने काढला. मी रिक्षा शोधत होतो.

दशरथने फळ्याबद्दल विचारलं. विचारांती ठरवलं, यात वाहनाचा संबंध नाही, त्यामुळे हा पार्किंगचा अपघात धरता येत नाही. आकडा तसाच. ८०.

१६ एप्रिल. संध्याकाळी ७.

विश्वजीतने लगेच रिपोर्ट मागितला. घटना: ड्रम कलंडला. कारण: कामगाराचा निष्काळजीपणा. उपाय: विश्वजीतने सांगितलं ते लिहिलं, सदर कामगारास कमी करणे. सही केली. पेन चांगलं चालत होतं.

जेवण गेलं नाही. उन्हाळ्यामुळे असेल.

२० एप्रिल, रविवार.

आनंदी म्हणाली, आज तुम्ही माझ्याबरोबर येणार आहात. विचारत नव्हती. रिक्षाने गेलो. जेमतेम पाच मिनिटांचा रस्ता. साडेतीन महिने मला तो सापडत नव्हता.

पत्र्याची खोली. सोजरबाई खाटेवर. आनंदी आत जाऊन चहा करू लागली, मी स्टुलावर बसलो. सवयीने सांगायला लागलो, त्या दिवशी माझा पाय ब्रेकवरच होता.

सोजरबाई आवाज न चढवता म्हणाल्या, भाऊ, गाडी मला भितीला दाबून वरडत व्हती. लई वरडत व्हती. ब्रेक दाबल्यावर गाडी वरडती व्हय?

आतून कपबशीचा आवाज थांबला.

त्या म्हणाल्या, पोलिसाला म्या म्हनलं माझंच ध्यान नव्हतं. म्हातारा मानूस हाय, बायकुसंगट ऱ्हातो, कशाला लाज काढायची. मला वाटलं, सोसायटीत तरी तुमी खरं सांगाल. मग तुमचा कागुद आला. पयल्यांदा आला तवा म्हनलं जाऊ द्या. आता दुसरा बी आला.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चहा घ्या म्हणाल्या. मी घेतला.

घरी येऊन किल्ली आनंदीच्या हातात दिली. तिने ती देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

२१ एप्रिल.

ठरलं. एक मेच्या सभेत उभा राहून सगळं सांगणार. नवीन रिपोर्ट लिहिला. तीनदा फाडला. घटना लिहून होते. कारणापाशी हात जुनंच वाक्य लिहायला लागतो.

२८ एप्रिल.

स्पीडब्रेकर काढले. चारही. सोजरबाईंसाठी नव्हे. विश्वजीतच्या नव्या गाडीला वॉशिंग नळापाशी हवं होतं आणि ती खालून घासली. त्याने सुखदेवला एक फोन केला, तो अर्ध्या तासात हजर. कर्बचा दगडही त्याने दोन फूट काढून टाकला. मी वरून बघत होतो. दहा मिनिटांचं काम निघालं.

जमिनीत बोल्टची भोकं राहिली आहेत.

१ मे, गुरुवार. दुपारी ४.

झेंडावंदनानंतर सभा. विषय: जिम. शेवटी 'आयत्या वेळचे विषय' आले तेव्हा मी उभा राहिलो. रिपोर्ट विश्वजीतच्या हातात दिला. त्याने वाचला आणि घडी घालून माझ्या खिशात परत ठेवला. काका, आता कशाला उकरता? बाईला कमी केलं, फाइल बंद झाली. तुम्ही आराम करा. कोणीतरी माझ्यासाठी खुर्ची पुढे केली. मी बसलो. मोठ्याने वाचायचा होता तो रिपोर्ट. बसलोच मी.

म्हणून इथे उतरवून ठेवतो. घटना: १ जानेवारी, सोजरबाईंचा पाय मोडला. कारण: माझा पाय ब्रेकवर नव्हता. ॲक्सिलरेटरवर होता, आणि त्या ओरडत असतानाही तिथेच होता. उपाय: सुचत नाही.

खाली गेलो. फळ्यावर ९५. मी पंधरा दिवस तिकडे फिरकलो नाही, पण दशरथने सांगितल्याप्रमाणे एकही दिवस चुकवला नव्हता. ओल्या फडक्याने पुसलं आणि शून्य लिहिलं.

दशरथ खुर्चीवरून उठून आला. चेहरा उतरला होता. साहेब, माझं काय चुकलं का, म्हणाला.

तुझं नाही, म्हणालो.