ठेवीचं पुस्तक

बुधवार, ७ फेब्रुवारी

कपाटात नाही! वरचा खण, खालचा खण, मागे भिंतीला टेकून काही पडलंय का तेही बघितलं. तीनदा. मेट्रनबाईंचं पुस्तक नाही.

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल. मेट्रनबाई, इथल्या हॉस्पिटलच्या जुन्या मुख्य नर्स, आमच्या वाचनालयात रोज येणाऱ्या. निवृत्त होऊन पुतण्याच्या घरी राहायला गेल्या, तिथे जागा कमी. तेव्हा एकच पुस्तक माझ्या हातात दिलं. "सांभाळ गं." बाळंतपण कसं करावं हे नर्सना शिकवणारं जाडजूड पुस्तक. तपकिरी पुठ्ठा, पाठ उसवलेली. आणि समासात त्यांचं बारीक अक्षर, चौतीस वर्षांचं. काही पानांवर तर छापलेलं शोधावं लागतं!

सोमवारी जुन्या पुस्तकांच्या विक्रीसाठी बाद पुस्तकांचे गठ्ठे बांधले. कुणी? मीच. कुठे? त्याच कपाटाला टेकून.

आणि आज सकाळी पुतण्याचा फोन. "काकूचं पुस्तक शनिवारी न्यायला येतो. हॉस्पिटलला पन्नास वर्षं होतायत. दर्शनी दालनात काचेच्या पेटीत ठेवणार आहेत." मी म्हटलं, "या ना, अवश्य या!" इतक्या गोड आवाजात, की माझी मलाच लाज वाटली.

गठ्ठे मागच्या हॉलमध्ये गेलेत. हॉलची किल्ली ग्रंथपाल सरांकडे. सरांना सांगू? मला कायम करायचं पत्र त्यांच्या टेबलावर सहीवाचून पडलंय. नाही. नाहीच सांगणार.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

विक्रीचा पहिला दिवस. पहिल्या दिवशी आम्ही कर्मचाऱ्यांनी खरेदी करायची नाही. चांगली पुस्तकं आम्ही आधीच लंपास करतो असा सरांचा संशय. मला आत जायच्या दाराशी बसवलं, लोकांच्या पिशव्या ठेवून घ्यायला. पैसे घेणारे दुसऱ्या दाराशी. म्हणजे काय बाहेर चाललंय ते मला दिसणारच नाही!

म्हणून ताईला नऊ वाजताच रांगेत उभं केलं. तिच्याकडून घोकून घेतलं — तपकिरी, जाड, पाठ उसवलेली, आत हाताने लिहिलेलं. "कळलं गं बाई, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

दार उघडलं आणि माणसं आत घुसली. एरवी किती सभ्य असतात ही! एक काका टेबलाच्या कडेवर आडवेच झाले. "हे सगळं मी बघतोय, कुणी हात लावू नका." दोन बायकांनी एकच शब्दकोश दोन बाजूंनी धरलेला, दोघी हसतायत आणि दोघीही सोडत नाहीयेत. मी मान उंच करकरून बघत होते. तपकिरी दिसलं की काळजात धस्स. आणि तपकिरी पुस्तकं तरी किती असावीत जगात!

ताई दीड तासाने बाहेर आली. घामाघूम, पण चेहरा फुललेला. पिशवीत स्वयंपाकाची सात पुस्तकं!

"अगं, एवढ्या स्वस्तात कुठे मिळतात?"

"आणि ते?"

"ते ना... मी पोचेपर्यंत डॉक्टरकीचं टेबल रिकामंच झालं होतं."

"पोचेपर्यंत? की आधी हे घेत बसलीस?"

मी ओरडले. सगळ्यांसमोर. तिने पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि निघून गेली.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी, सकाळी

आज विक्रीचा शेवटचा दिवस. उद्या शनिवार.

शुक्रवारीच, घरी आल्यावर

सापडलं!

दुपारी हॉल ओस पडला होता. मी टेबलांखाली वाकून खोकी उपसत होते. मागून आवाज आला, "मॅडम, अशी आणखी आहेत का?" वळून बघते तर नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी. पांढरा गणवेश, हाताची नखं कापलेली, आणि हातात तेच!

"काल मिळालं मला. बघा ना, कुणीतरी काय काय लिहून ठेवलंय! रात्री मैत्रिणींना वाचून दाखवलं, पुन्हा पुन्हा वाचायला लावलं त्यांनी." आणि तिने वाचलंच. 'पहिलटकरीण घाबरली की आपण हळू बोलायचं. आधी तिचा हात धर. घड्याळ नंतर बघ.' "सोमवारी माझी पहिली ड्युटी आहे, बाळंतिणींच्या वॉर्डात. आत्तापासून भीती वाटतेय. हे वाचून जरा धीर आला."

खरं सांगता आलं असतं. पण शेजारच्या टेबलाशी सर उभे होते. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "हे माझ्या आईचं आहे गं. ती गेली. चुकून विक्रीत आलं."

आई ठणठणीत आहे! काल फोनवर गुडघ्यांची तक्रार करत होती.

मुलीचा चेहरा उतरला. लगेच पुस्तक पुढे केलं. पैसे देऊ केले, घेईना. "आईच्या वस्तूचे कसले पैसे?" मग अडखळत म्हणाली, "दोन पानं उतरवून घेऊ का? इथेच बसून?"

सर आमच्याकडे बघत होते. मी म्हटलं, "आता नको. घाई आहे."

"बरं," म्हणाली. गेली.

पुस्तक पदराआड धरून कपाटाशी आले, आत ठेवलं, कुलूप लावलं. सुटले एकदाची! पण ते 'बरं' काही केल्या कानातून जात नाही.

शनिवार, १० फेब्रुवारी

पुतण्या आला. रेशमी कापड घेऊन आला होता, त्यात गुंडाळून नेलं. सर म्हणाले, "ठेव सांभाळावी तर हिने." संध्याकाळी पत्रावर सही झाली.

ताईला फोन केला. उचलला नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

हॉस्पिटलच्या कार्यक्रमाला वाचनालयाच्या सगळ्या स्टाफलाही बोलावलं होतं. काचेची पेटी, वर दिवा, पुस्तक पहिल्या पानावर उघडलेलं. त्या पानावर समासात काहीच नाही. फक्त मेट्रनबाईंचं नाव.

सोमवार, १२ फेब्रुवारी

मेट्रनबाई आल्या. वर्तमानपत्र न उघडता माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "तुझा दोष नाही गं, तुला ठाऊक नव्हतं. गठ्ठे बांधायच्या दिवशी तुम्ही सगळ्या जेवायला गेलात, तेव्हा मीच ते उघड्या कपाटातून काढून गठ्ठ्यात सरकवलं होतं. पुतण्या त्या पेटीसाठी हटून बसलेला. त्याच्या घरात राहते, तोंडावर नाही म्हणवेना. वाटलं, एखाद्या शिकणाऱ्या पोरीला मिळेल."

मग विचारलं, "विक्रीत कुणी हातात तरी घेतलं होतं का?"

मी म्हटलं — नाही.