डोलीतून जत्रेला

आबा,

मंगळवार, १ एप्रिल १९५८, सकाळचे नऊ. आपल्या गावच्या देवळापुढच्या पारावर गावकी बसली होती आणि सगळ्यांच्या देखत तुम्ही म्हणालात, "पोरीचं डोकं फिरलंय शिकून. तिचं काय आयकू नका." तारीख लक्षात राहायला कारण आहे. आमच्या कॉन्व्हेंटात त्या दिवशी मुली एकमेकींना फसवत, आणि मला क्षणभर वाटलं, तुम्हीही तसंच काही करताय. तुम्ही आता हसाल म्हणून मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. तुम्ही हसला नाहीत. बाकीचे सगळे हसले. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आता ऐंशीला टेकले आहे. मधली बरीच वर्षं टेलिफोन खात्यात तक्रारींच्या टेबलावर बसून मी परक्या माणसांना मुदतीत लेखी उत्तरं मिळवून दिली, साहेबांच्या मागे लागून, प्रसंगी त्यांच्याशी भांडून. स्वतःची ही एक तक्रार तेवढी नोंदवायची राहून गेली.

तुम्ही विसरला असाल तर आठवण करून देते. मुंबईत सिस्टरांच्या बोर्डिंगात तुम्ही स्वयंपाकी होतात. दर सप्टेंबरात वांद्र्याच्या जत्रेत त्यांचा स्टॉल लागायचा आणि त्यामागे तुम्ही दिवसभर कटलेट तळत उभे असायचात. तुमच्या डोक्यावर रहाटपाळणा फिरत असायचा. मान वर करायला सवड नसायची, पण वरच्या लोकांच्या किंकाळ्या कानावर पडायच्या. घरी आलात की तुम्ही हमखास सांगायचात, "येवढं वरडतात म्हंजे वर कायतरी बघन्यासारखं असनार. एक डाव बसायला पायजे." मग एका पावसाळ्यात ओल्या पायरीवरून डाळीच्या पातेल्यासकट तुम्ही खाली आलात. कमरेचं आणि गुडघ्याचं हाड वाकडं जुळलं आणि उजवा पाय कायमचा सरळ राहिला, गुडघ्यात वाकायचाच नाही. सिस्टरांनी मला बोर्डिंगात ठेवून घेतलं, आणि तुम्ही आलात परत पोलादपूरच्या वरच्या आपल्या वाडीत, जिथे घराबाहेर पाऊल टाकलं की एक तर चढ नाही तर उतार. काठी आणि आईचा खांदा एवढ्यावर तुमचं जग पडवीपासून पारापर्यंत उरलं. पडवीत बसून तुम्ही कुळीथ निवडायचात आणि आईच्या आमटीला नावं ठेवायचात. आई म्हणायची, "मडमांना खायाला घालून ह्यांचीच जीभ शेफारली."

त्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत मी घरी आले, तेव्हा बांगड्या विकणाऱ्या बाईनं सांगितलं की महाडच्या चैत्रातल्या जत्रेत मोठा लाकडी रहाटपाळणा उभा राहिलाय. मी त्याच घटकेला ठरवलं. इतरांनी सुट्टीत आंबे खाल्ले असतील, मी बेत केला: वाडीपासून पोलादपुरापर्यंत डोली, तिथून एस.टी., महाडात पुन्हा डोली. एस.टी.त पाय लांब ठेवायला मागचा बाक. सगळं बसत होतं. अडचण एकच होती, डोली गावकीची.

डोली म्हणजे काय होतं, तर कळकाचा, म्हणजे जाड बांबूचा, लांब दांडा आणि त्याला दोन्ही टोकांना बांधलेली घोंगडी. ती देवळाच्या आढ्याला टांगलेली असायची आणि आजारी माणूस किंवा अडलेली बाई डोंगराखाली न्यायची झाली तरच उतरायची. डोली उतरली की गावात कुणी मोठ्यानं बोलत नसे. अशा डोलीसाठी मी, पायात बूट, दोन वेण्या घातलेली, पारासमोर उभी राहून खणखणीत आवाजात सांगितलं की आबांना पाळण्यात बसवायचंय, शुक्रवारी डोली पाहिजे. आम्हाला खरं बोलायला शिकवलं होतं आणि ते स्पष्ट उच्चारात बोलायला शिकवलं होतं.

तुमचे चुलतभाऊ, आमचे नानाकाका, गावकीचे मुख्य. ते म्हणाले, "डोली काय मौजेला हाय? उद्या कोन बी उठंल नि म्हनंल, मला बाजार बघायचाय, न्या उचलून."

"तीन वर्षं माणूस घरात बसलाय," मी म्हणाले. "हा आजार नाही का?"

"मंग तुझी आजी बी बसलीय," मागून कुणीतरी बोललं. "तिला बी घालूया पाळण्यात. अंगाई म्हनू."

पार हसला. मी तुमच्याकडे वळले, कारण आता तुम्ही बोलाल याची मला खात्री होती. आणि तुम्ही बोललात, जे वर लिहिलंय ते. आणि पुढे, पाय चोळत, "मला डाक्टरला दाखवायचंय, नाना. लय ठणकतोय."

"मंग तसं सांग की रं," नाना म्हणाले. "शुक्करवारी चार गडी देतो."

तीन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. भाकऱ्या बांधताना आई म्हणाली, "बापावर रुसलीस ता रुसलीस, भाकरी कशाला आपटतेस गो? तिनं काय केलाय?" शुक्रवारी सकाळी तुम्हाला डोलीत घातलं आणि मी छत्री घेऊन मागून निघाले. तो गुड फ्रायडे होता. माझ्या सिस्टर त्या दिवशी उपाशीपोटी गुडघे टेकून बसलेल्या असणार, आणि मी चालले होते जत्रेला, एका खोट्या आजाऱ्याच्या मागून. दोन्हीकडच्या देवांना काय वाटेल, ह्याची मला एकटीलाच काळजी होती.

उतरताना एकेक वाडी लागते. डोली दिसली की दारातलं बोलणं थांबतं, पुरुष बाजूला होतात, बायका पदर सावरून पुढे येतात. एक म्हातारी तुमच्या कपाळाला अंगारा लावते. दुसरी शेळीचं दूध पेल्यात घेऊन येते. "काय झालाय ओ ह्यांना?" आणि तुम्ही डोळे मिटून असे कण्हता की मलाही घटकाभर खरं वाटावं. ती माणसं मागे पडल्यावर तुम्ही घोंगडीतून हळूच म्हणता, "जरा तोंड पाड गो. डाक्टरला चाललोय आपन." तोंड मी पाडलेलंच होतं. त्यासाठी मला सोंग करावं लागत नव्हतं.

पोलादपुरात कंडक्टरनं कळक टपावर चढवला आणि तुम्हाला मागच्या लांब बाकावर आडवं ठेवलं. महाडात उतरलो. मला वाटलं, आता सोंग संपलं. पण तुम्ही गड्यांना म्हणालात, "आधी डाक्टर." आणि खरंच गेलात. डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला, कंबर दाबली, म्हणाले, हाड असंच राहणार, करण्यासारखं काही नाही. दुखतं का फार?

"नाय," तुम्ही म्हणालात.

"मग आलात कशाला एवढ्या लांब?"

"गावकीला सांगितलं होतं, डाक्टरला दाखवतो म्हनून. दाखवला." डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले. तुम्ही काठीनं माझ्याकडे दाखवलंत. "आता ही नेईल तिकडं जायाचं."

त्या एका वाक्यासाठी मी तुम्हाला तिथेच माफ करायला हवं होतं. पण ते बोललात तुम्ही महाडच्या डॉक्टरांपुढे, आणि ते थोडेच आपल्या पारावर बसत होते. चवदार तळ्याच्या कडेनं आपण निघालो, पुढे डोली, मागे मी, आणि गड्यांना आता कळेना की आजारी माणूस ढोलांच्या आवाजाकडे का चाललाय. "आबा," पुढच्यानं विचारलं, "डाक्टरनं हे बी सांगितलं काय?"

"हवापालट सांगितलाय," तुम्ही म्हणालात.

रहाटपाळणा लाकडी होता, चार पेट्यांचा, माणसांनी हातानं ओढून फिरवायचा. पाळणेवाला तुमच्याकडे बघून म्हणाला, "काका, पाय दुमडा."

"दुमडला असता तर ह्यांच्या खांद्यावरनं आलो असतो व्हय?"

"मग नाय जमायचं. पाय भाईर राहिला तर खांबाला लागंल. उगाच माझ्या डोक्याला ताप."

मी त्याला चार गोष्टी सुनावल्या, त्यातल्या दोन इंग्रजीत. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. तुम्ही मात्र एवढा वेळ पेटीकडे बघत होतात, ज्या नजरेनं तुम्ही एखाद्या भांड्यात किती भात मावेल ते बघायचात. मग म्हणालात, "आडवा बसतो. पाठ ह्या फळीला, पाय त्या फळीला. पोरगी मधी बसंल, पाय तिच्या मांडीवर. बघ, भाईर काय राहतंय काय?" पाळणेवाल्यानं डोकं खाजवलं. त्याच्या उत्तराची वाट न बघता आपल्या गड्यांनी तुम्हाला उचलून आत ठेवलंही. मी बसले. तो पाय माझ्या मांडीवर आला, जड, सरळ, घोंगडीचा वास येणारा. पेटी हलली.

दुसऱ्या पेट्यांत माणसं भरायची होती म्हणून आपल्याला अगदी वर नेऊन थांबवलं. वारा होता. लाकूड करकरत होतं. खालच्या पेटीतल्या बाया किंचाळत होत्या, आणि तुम्ही, ज्यांना त्या किंकाळ्यांचं कारण इतकी वर्षं हवं होतं, एक शब्द बोलत नव्हतात. बऱ्याच वेळानं म्हणालात, "फस्ट क्लास." ते मडमांच्या पुडिंगबद्दल म्हणायचात तसं नाही, हळू. नंतर पाळणा फिरू लागला तेव्हाही तुम्ही ओरडला नाहीत. आपल्यानंतर चारही गडी बसले, दोनदा बसले, आणि उतरताना एकमेकांच्या अंगावर पडून हसले.

रात्र महाडातच काढली. दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर त्याच वाड्या. कालच्या बायका बातमीसाठी दारात उभ्या. आजारी माणूस डोलीत निजतो. तुम्ही दोन्ही हातांनी कळक धरून ताठ बसला होतात, नवरदेवासारखे. "काय म्हनाला डाक्टर?"

"तो म्हनाला, काय नाय व्हायचं. मग पाळण्यात बसून आलो. पोरीनं नेलं."

असं तुम्ही प्रत्येक वाडीत सांगितलंत. मी मागून ऐकत होते आणि माझी मान छत्रीच्या दांड्याइतकी ताठ झाली होती. आजही ती वाट आठवली की होते. ज्या डोलीपुढे लोक आवाज खाली आणायचे, तिच्याभोवती पोरं नाचत आली. अंगारा लावणारी म्हातारी म्हणाली, "माझा अंगारा पुस मग, लबाडा." आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, "वरनं काय दिसतंय ओ?" तुम्ही काठीनं मला पुढे करायचात. "तिला इचारा. शिकलेली हाय, नीट सांगंल." मग मी सांगायचे. सावित्री नदी कशी वळत जाते, तळं कसं ताटलीएवढं दिसतं, कशेडीच्या घाटातले ट्रक कसे मिऱ्याच्या दाण्यांएवढे. शेवटच्या वाडीत मी समुद्रही दाखवला.

गावात नानांनी गड्यांना उभं केलं. दोनदा बसलेली माणसं काय बोलणार? नाना पुटपुटले, "डोली डाक्टरकडं गेली ना? गेली. मग झालं." पुढच्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या आईला त्याच डोलीतून जत्रेला नेलं, उजळ माथ्यानं, डॉक्टरला न दाखवता. त्यानंतर ती रीतच पडली. पण पारावर उभं राहून, पोरीचं डोकं फिरलेलं नव्हतं, असं कुणीही बोललं नाही. तुम्हीही नाही. मी कॉलेजात असताना तुम्ही गेलात, आणि विषय तिथेच राहिला.

हे आता लिहायचं कारण तुमची नात, माझी लेक. माझे गुडघे गेलेत. येत्या शनिवारी ती मला घाटाखालच्या एका मोठ्या करमणूक बागेत नेणार आहे. चाकाच्या खुर्चीची सोय आहे का, कोणत्या पाळण्यात पाय न वाकवता बसता येतं, सगळं तिनं फोन करकरून विचारलंय. मी म्हटलं, मी काय सामान आहे? ती म्हणाली, "आजोबांना डोलीत घातलंस तेव्हा ते सामान होते का गं?" जीभ माझीच घेतलीय तिनं. मग म्हणाली, "तिथे खूप उंच पाळणा आहे. तुला काय, सवय आहे. आजोबांबरोबर वरून काय काय दिसलं होतं, परत सांग ना." आणि मी सवयीनं सुरुवात केली, सावित्री नदी कशी वळत जाते.

आबा, महाडच्या पाळण्यातून कशेडी दिसत नाही. समुद्र तर नाहीच नाही. पाळणा जमिनीवरून सुटला तेव्हाच मी डोळे गच्च मिटले होते. तुमच्या त्या न वाकणाऱ्या पायाला दोन्ही हातांनी मिठी मारून, कपाळ गुडघ्यावर टेकवून बसले होते, ती खाली येईपर्यंत. गुडघ्याला कळत नव्हतं, असं सांगू नका. कळत असूनही तुम्ही वाडीवाडीत मला पुढे केलंत, आणि मी समुद्र दाखवला तेव्हा मान डोलावलीत.

हे पत्र पेटीत टाकायचा प्रश्न नाही, पत्ता काय घालणार. तरी कळवते. पारावरच्या त्या वाक्याबद्दलची तक्रार मी मागे घेत नाही, पण तिची घाईही नाही. दुसरी बाब तातडीची आहे. वर थांबलो होतो तेव्हा नेमकं काय दिसत होतं, ते तुम्ही मला लेखी, तुमच्या शब्दांत, शनिवारी सकाळी सातच्या आत कळवावं. सातला ती गाडी घेऊन येते. तोवर उत्तर आलं नाही, तर मला डोळे उघडे ठेवावे लागतील.