दुसरी नळी

मुंबई,
९ जानेवारी १९७८

ती. नरहरीकाका यांस,
हंसाचा सा. न. वि. वि.

घरच्या केळ्यांची, उन्हात वाळवलेली सुकेळी पोचली. निम्मी हॉस्टेलच्या मुलींनीच फस्त केली. काकूंना सांगा, डबा तेवढा परत येईल.

आता कामाचं. रक्तातलं कोलेस्टेरॉल मोजायला मी आमच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत शिकले. ही चरबी वाढली की हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून बुजत जातात. आजोबा पन्नाशीत गेले. बाबा तर सेहेचाळिसाव्या वर्षी पानवेलींना पाणी देता देता खाली बसले ते उठलेच नाहीत. तुम्ही आता अठ्ठेचाळीस. मला फार भीती वाटते, काका. येत्या सोमवारी सकाळी काहीही न खाता या.

लोभ आहेच, तो दंड पुढे करण्याइतका वाढवावा.

आपली,
हंसा

आगाशी,
१२ जानेवारी १९७८

चि. हंसा हिस अ. आ.

तुझं पत्र ओटीवर सगळ्यांना वाचून दाखवलं. वहिनींनी दोनदा वाचायला लावलं. तुझ्या आईला वाचता येतं, पण पत्र ऐकण्यातच गंमत, असं तिचं म्हणणं.

भीती मलाही आहे. छातीत जरा चमक आली की दादाच आठवतो. पण खरं सांगू, त्याहून कुतूहल मोठं. रक्तातली चरबी दिसते कशी? शेजारचा सॅन्टन म्हणतो, रक्त उकळून वर तवंग येतो का ते बघत असतील. मला पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. येतोच.

तुझा,
नरहरीकाका

मुंबई,
२० जानेवारी १९७८

ती. काका यांस,
हंसाचा सा. न. वि. वि.

सोमवारी आलात उपाशी, पण तोंड लालभडक! वर, पान म्हणजे काही खाणं नव्हे, आणि हे तर घरच्या वेलीचं, असं आमच्या डॉक्टरांनाच समजावू लागलात. गुरुवारी परत खेप पडली ती त्यामुळे.

सॅन्टनकाकांना सांगा, तवंग नाही. रक्त गोठलं की वरचं पिवळसर पाणी काढून घेतात. त्यात औषधं मिसळली की ते हिरवं होतं. चरबी जितकी जास्त तितका हिरवा गडद. आकडा यंत्राचा काटा सांगतो, पण फरक डोळ्यांनाही दिसतो. तुमची नळी पानवेलीच्या नव्या फुटीसारखी पोपटी. एकशे नव्वद. काका, तुम्ही सुटलात! मी तिथेच रडले.

पुढचं ओटीवर वाचू नका. सोमवारी तुमच्यासाठी तयार केलेलं द्रावण वाया जाऊ नये म्हणून मी माझंच रक्त तपासलं. नळी जून पानासारखी गडद निघाली. चुकलं असेल म्हणून गुरुवारी तुमच्या नळीशेजारी ठेवून पुन्हा केलं. तीनशे वीस. अडीचशेच्या आत हवं. मी सव्वीस वर्षांची आहे, काका. डॉक्टर म्हणतात, नारळ, तूप, अंड्याचा बलक सोड, आपण तपासत राहू. पण बाबांचं दुखणं माझ्याकडेच आलं. आईला कळू देऊ नका. तिने हे एकदा सोसलंय.

लोभ असू द्यावा, आणि गुपितही.

आपली,
हंसा

आगाशी,
२४ जानेवारी १९७८

चि. हंसा हिस आईचे अ. आ.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. अक्षराला हसू नकोस.

भाऊजी वाचत वाचत पोपटी रंगापर्यंत आले, खोकले, आणि एकदम लोभ असावा म्हणून मोकळे झाले. सत्तावीस वर्षं त्यांचं वाचन ऐकते आहे. ते बागेत गेल्यावर पत्र काढून वाचलं. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांना खोटं जमत नाही एवढंच. आजपासून आपल्या कालवणात नारळ निम्मा. भाऊजी कुरकुरले, पण ताट स्वच्छ केलं.

मला मात्र एक कोडं पडलंय. ते गडद हिरवं बाबांकडूनच आलं, हे तू कशावरून ठरवलंस? त्यांचं रक्त तर कोणी तपासलंच नव्हतं. माझा भाऊ जयराम चाळिशीत असाच बसल्या जागी गेला. ऊन लागलं म्हणाले सगळे, आणि मीही तेच मानलं. तू काकांना बोलावलंस, मला नाही. तू माझीही मुलगी आहेस, हंसा.

सोमवारी भाऊजींबरोबर येते. उपाशी, आणि पानही न खाता. माझी नळी तुझ्या नळीशेजारी ठेव. गडद निघाली तर रडायचं नाही, दोघी मिळून पथ्य करू.

लोभ तर आहेच. सुई फार दुखते का, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी,
आई