आईंच्या नोटांची बांधणी

तीर्थस्वरूप भाऊ यांच्या चरणी,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो (थांबला नसेल तर हे पत्र त्यांना वाचून दाखवू नका, हसून असो की घाबरून, तो वाढेलच). आमच्याकडे सगळे सुखरूप आहेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुम्ही बसून वाचताय ना? नसाल तर आधी बसा.

गेल्या मंगळवारी सकाळी मी दुकान उघडलं, झाडून काढलं, देवाच्या तसबिरीपुढे हात जोडले, सवयीने कटिंग मशीनच्या पात्यालाही हात जोडले आणि देवाचं नाव घेऊन तुमच्या मातोश्रींच्या नोटा कापल्या. एक-दोन नव्हे, सगळ्या. चारी बाजूंनी. त्यानंतर जे झालं त्याचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. काल एका वकिलाच्या फायलींना खळ लावताना मी मध्येच ब्रश हातात धरून इतका वेळ उभा राहिलो की खळ वाळली आणि ब्रश हाताला चिकटला.

आता पहिल्यापासून सांगायला हवं, आणि पहिल्यापासून सांगायचं म्हणजे एक गोष्ट सांगणं भाग आहे. ती तुम्हाला कळू द्यायची नाही अशी आईंची सक्त ताकीद आहे. तुम्हाला वाटतं आईंना दात आहेत. भाऊ, आईंना दात नाहीत. दोन वर्षांपूर्वी तुम्ही कवळीसाठी पैसे पाठवलेत, आईंनी फोनवर तुम्हाला सांगितलं की कवळी छान बसली, आता मक्याचं कणीससुद्धा खाते. ते कणीस आजतागायत कोणी पाहिलेलं नाही. फोनवर त्यांचा आवाज जरा पोकळ येतो, तो तुम्ही लाइनचा दोष समजत होतात. ती लाइन उत्तम आहे.

कवळीचेच नव्हे, तुम्ही दर महिन्याला फळांसाठी, औषधांसाठी जे पाठवत आलात, त्यातलं आईंनी जवळजवळ काहीच मोडलं नाही. आम्हालाही याचा पत्ता नव्हता. आम्ही आणलेली फळं वाटून, कुस्करून त्या खात होत्या आणि तुमचे पैसे आले की 'दिले हो डॉक्टरला' म्हणत होत्या. आम्हाला वाटायचं, डॉक्टर फार महाग आहे. परवा तुमच्या बहिणीने यावरून आवाज चढवला तेव्हा त्या म्हणाल्या, "पोराने घाम गाळून पाठवलेले पैसे मी चावून खाऊ होय?" ही म्हणाली, "चावायला दात लागतात, आई!" मग दोघीही रडल्या. मी उठून बाहेरचा दिवा उगीच लावला आणि बंद केला.

हे उघडकीला आलं ते वर्तमानपत्रामुळे. ही सकाळी मोठ्याने बातम्या वाचत होती. जुन्या छापाच्या नोटा या महिनाअखेरपर्यंतच बँकेत बदलून मिळतील, नंतर त्यांची किंमत शून्य, असं तिने वाचलं आणि आई एकदम गप्प झाल्या. तुम्ही त्यांचे चिरंजीव आहात. आई गप्प होण्याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. थोड्या वेळाने त्यांनी मला खूण करून आत बोलावलं आणि धान्याच्या पिंपामागे हात घालायला लावलं. पत्र्याचा डबा निघाला. तळ गंजलेला. झाकण उघडलं तर आत नोटा नव्हत्याच, एक वीट होती. ओल शिरून सगळ्या नोटा एकमेकींना घट्ट धरून बसल्या होत्या आणि कडा कसरीने खाल्ल्या होत्या. कसर म्हणजे ते चंदेरी किडे, आमच्या धंद्याचे जन्माचे वैरी. दुकानात मी त्यांना कधी उभं केलं नाही, म्हणून ते माझ्या घरी राहायला आले होते.

आई भिंतीला टेकून बसल्या. त्याच आठवड्यात तुमचा फोन आला होता, पुढच्या महिन्यात येतो म्हणून. आईंचा हिशेब असा होता की तुम्ही यायच्या आत हळूच डबा काढायचा, हळूच दात बसवायचे आणि तुमच्यापुढे कणीस खाऊन दाखवायचं. आता डब्यात वीट आणि तोंडात काहीच नाही. "त्याला कळलं तर तो मला परत कधी पैसे पाठवायचा नाही," असं त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "आणि माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही." पैशापेक्षा दुसरं वाक्य त्यांना जड गेलं, हे मी तोंडाकडे पाहूनच ओळखलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "जावईबापू, गावाची जुनी पुस्तकं जिवंत करता, सासूच्या चार नोटा तुम्हाला जड झाल्या का?"

भाऊ, इथे माझं डोकं फिरलं असं लोक म्हणतील. माझं म्हणणं, ते फिरलंच नाही, नेहमीच्या रस्त्याने सरळ चालत गेलं. तीस वर्षं जो हात पुस्तकं बांधतो, त्याच्यापुढे कागदाचा गठ्ठा ठेवला तर तो दुसरं काय करणार? मी वाफेवर धरून एकेक नोट सोडवली. एकही फाटली नाही (हे मी बँकेतही दोनदा सांगितलं, कोणी लक्ष दिलं नाही). खाल्लेल्या जागी मागून पातळ कागद लावला. शिकंज्यात दाबून वाळवल्या. इथवर थांबलो असतो तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण मी पाहिलं तर कडा ओबडधोबड, एक नोट इकडे, एक तिकडे. माझ्या गुरूने मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं की कडा न कापता दुकानातून काही बाहेर गेलं तर ते आपलं काम नव्हे. मी पातं खाली ओढलं. काय सुरेख कापल्या गेल्या! काचेसारख्या कडा. मग मनात आलं, एवढ्या नोटा सुट्या नेल्या आणि वाटेत एखादी पडली तर? म्हणून दाभणाने भोकं पाडून त्या शिवल्या. शिवल्यावर पुठ्ठा आलाच. पुठ्ठ्यावर निळं कापड चढवलं. आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत आईंचं नाव छापलं, कारण थोडा सोनेरी वर्ख उरला होता आणि कारण, खरं सांगायचं तर, मला त्या बाईचं फार वाईट वाटत होतं.

बँकेत रांग मोठी होती. खिडकीतल्या चष्मेवाल्या बाईंपुढे मी पुस्तक ठेवलं. त्या म्हणाल्या, "काका, वाचनालय पुढच्या गल्लीत." मी म्हटलं, यात नोटा आहेत. त्यांनी ते उघडलं आणि त्यांचा चष्मा नाकावरून खाली आला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. माझ्या मागचे गृहस्थ खांद्यावरून वाकून पाहत होते, ते म्हणाले, "कुठे मिळतं हो हे?" बाईंनी पट्टी काढून एका नोटेचं माप घेतलं, परत घेतलं, आणि खुर्चीतच मागे वळून ओरडल्या, "साहेब, जरा या! कोणीतरी नोटांची दाढी केलीय!" भाऊ, सगळी बँक माझ्याकडे वळली. पहारेकरीसुद्धा. मी आयुष्यात चोरी केलेली नाही, पण चोराला कसं वाटतं ते मला त्या क्षणी संपूर्ण समजलं.

साहेबांनी मला आत बसवलं. सज्जन माणूस. ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यांनी शांतपणे चाळलं. भोकं कसली, म्हणाले. शिवणीची, म्हटलं. मागे हा कागद? आधाराला. आणि नंबर कुठे गेला कोपऱ्यातला? मी कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा नव्हता. नोटेच्या कोपऱ्यात नंबर असतो हे मी जन्मभर पाहत आलोय, पण पातं ओढताना मला तो छापील पानाचा समास वाटला होता. साहेब बांधणीवर बोट फिरवत म्हणाले, "काम उत्तम आहे." (भाऊ, अशा वेळीही मला बरं वाटलं. देवा, माझ्या या स्वभावाला औषध दे.) मग त्यांनी नियम सांगितला. ओलीने कुजलेली, जळालेली, किड्याने खाल्लेली नोट आणा, बँक मोजून घेईल. पण मुद्दाम कापलेली नोट असेल तर एक पैसा मिळणार नाही. त्या होत्या तशाच, वीट म्हणून आणल्या असत्यात तर मी इथल्या इथे बदलून दिल्या असत्या, असं ते म्हणाले. वीट चालली असती! मी जो जो हात लावला, तो तो आईंचा एकेक दात पाडत गेला.

साहेबांनी एक कोरा कागद दिला, नोटा कशा खराब झाल्या ते लिहून आणा म्हणाले. वरच्या कचेरीत पाठवतो, ते ठरवतील. घरी येताना शेजारच्या दुकानातल्या घड्याळजींनी माझं तोंड पाहून मला थांबवलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "उंदीर लिही."

"उंदीर पट्टी लावून कुरतडतो का?"

"शिकलेला उंदीर लिही. तो काही बँकेत येऊन नाही म्हणणार नाही."

"आणि भोकं?"

"दात."

"आणि पाठीवरची सोनेरी अक्षरं?"

घड्याळजींनी विचार केला. "ती मात्र उंदराच्या अंगावर येतील," असं म्हणून ते परत डोळ्याला भिंग लावून बसले.

तरी मी दुकानात बसून 'उंदराने' एवढं लिहिलं. पुढे पेन चालेना. डोळ्यांपुढे तसबीर, आणि मी सासूच्या दातांसाठी उंदराच्या दातांवर आळ घेत बसलेला. विचार आला, फाटक्या, मळक्या, कुजक्या नोटेला बँकेत मान आहे. नटवून, कापून, सोनेरी नाव घालून आणली की चौकशी. आपणही देवापुढे जाताना स्वतःला असंच कापून-छाटून नेतो, आणि तो बिचारा मूळची वीट मागत असतो. (मी पुस्तकं बांधता बांधता मधली मधली पानं वाचतो, त्यामुळे मला असे मधलेच विचार येतात. माफी असावी.) मी तो कागद बाजूला ठेवला आणि दुसऱ्यावर सगळं खरं लिहिलं: वाफ, खळ, पातं, दाभण, वर्ख. शेवटी लिहिलं की हे मी मुद्दाम केलं, पण वाईट हेतूने नाही, आणि ज्यांचे पैसे आहेत त्यांनी यातलं काहीच केलेलं नाही.

साहेबांनी ते वाचलं. मग बाईंना बोलावून वाचायला दिलं. बाईंनी आणखी दोघांना. आतून हसण्याचा आवाज आला. साहेब बाहेर येऊन म्हणाले की मुदतीच्या आत अर्ज घेतलाय, शिक्का मारून पाठवतो, उत्तराला वेळ लागेल आणि ते काय येईल हे सांगता येत नाही. आणखी एक त्यांनी विचारलं, ते खाली लिहितो.

आईंना मी एवढंच सांगितलंय की नोटा बँकेत आहेत. त्या म्हणतात, "एवढं सुंदर पुस्तक केलंय जावईबापूंनी, बँकवाले वाचत बसले असतील." त्या आरशापुढे तोंडावर हात धरून बोलायचा सराव करतात, तुम्ही याल तेव्हासाठी. काल 'भाऊ, बैस' एवढंच त्यांनी चार-पाच तऱ्हांनी म्हणून पाहिलं. ते मला पाहवलं नाही, म्हणून त्यांचा शब्द मोडून तुम्हाला हे लिहिलं. मला काय बोलायचं ते बोला, त्यांना नको.

लहानांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार, खोकल्याला आराम.

तुमचा,
मेव्हणा

ता. क. साहेबांनी विचारलं होतं, कापलेल्या कडा कुठे आहेत? त्या आणल्या, प्रत्येक नोटेला जुळवून दाखवल्या आणि नंबर पुरा झाला, तर वरच्या कचेरीतही आपली बाजू भक्कम होईल. मी धावत दुकानात गेलो. कातरण नव्हती. भाऊ, त्याच मंगळवारी दुपारी मी तुम्ही बांधायला पाठवलेली पुस्तकं तुम्हाला पार्सल केली आणि कोपरे दबू नयेत म्हणून आजूबाजूला कातरण ठासून भरली. रंगीत कातरण पाहून मला वाटलंही होतं, आज पार्सल किती छान दिसतंय. हे सगळं पत्र खरं म्हणजे एवढ्याचसाठी आहे: कृपा करून ती जाळू नका, झाडू नका, नातवंडांना खेळायला देऊ नका. दिली असेल तर परत गोळा करा. येताना घेऊन या, अगदी बारीक तुकडासुद्धा.

ता. क. २. आत्ता आईंनी विचारलं, काय लिहितोय एवढं? म्हटलं, ख्यालीखुशाली. त्या म्हणाल्या, माझंही एक वाक्य घाला. म्हणून त्यांच्या सांगण्यावरून लिहितो: 'दात छान बसले आहेत, काळजी नसावी.' आल्यावर तुम्ही एवढंच वाक्य वाचलं होतं असं वागा.

ता. क. ३. पाकीट बंद करायचं राहिलं होतं ते बरं झालं. दातांच्या डॉक्टरांकडे जावं की न जावं, पैसे नसताना कोणत्या तोंडाने जावं, यात माझे दिवस गेले होते. शेवटी आज सकाळी आईंना घेऊन गेलो. डॉक्टरांच्या कपाटात जुनी मासिकं सुटी होऊन पडली आहेत, ती सगळी मी बांधून द्यायची आणि त्यांनी कवळी करून द्यायची, असं ठरलं. आईंना खुर्चीत बसवलं, माप दिलं, त्यांनी डॉक्टरांचं बोट हिरड्यांनीच जोरात दाबून पाहिलं. तुम्ही यायच्या आत दात तोंडात असतील. तेव्हा दोन वर्षांपूर्वी फोनवर मिळालेली ती बातमी खोटी नव्हती, जरा लवकर आली होती, एवढंच समजा.