पुलीमागचा वॉशर

१७ फेब्रुवारी

प्रिय बुटके,

तुझी खुशाली आईकडून कळते. इकडे आम्ही ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जिना चढणं ती सोडत नाही. गॅरेजच्या शटरला तेल दिलं. आता शेजारचा शिंपी तक्रार करतो की तुम्ही दुकान कधी उघडता तेच कळत नाही.

फोनवर तू "बोला बाबा" म्हणालीस की मी हवापाण्यावर येतो आणि फोन आईच्या हातात देतो. म्हणून हे लिहायला बसलो.

मास्तरीणबाईंची जुनी गाडी अजून आपल्याकडेच आहे. इंजिनाचं हेड बसवून झालं. परवा पट्टा चढवायला घेतला. पुल्या एका रेषेत आहेत का ते नेहमीप्रमाणे डावा डोळा मिटून बघितलं, तर सगळं सरळ. मग गॅरेजात कोणी नाही असं बघून तुझी लोखंडी पट्टी काढली आणि खालच्या मोठ्या पुलीला टेकवून धरली. अल्टरनेटरची पुली मागे राहिली होती, मध्ये नख जात होतं. उजवा डोळा मिटून बघितलं तेव्हा तो तिरकेपणा मलाही दिसला. डॉक्टरकडे गेलो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय.

ते ऐकून मला आधी हायसं वाटलं, हेही सांगून टाकतो. सगळं डोळ्यावर ढकलता येईल असं वाटलं. पण त्या दिवशी जे बोललो ते डोळा बोलला नव्हता.

त्या गाडीचा अल्टरनेटर दुसऱ्या गाडीचा आहे, त्यामुळे तो जरा मागे बसतो. गाडी पहिल्यांदा आली तेव्हा तू पट्टी लावून बघितलंस आणि ब्रॅकेटमध्ये पातळ वॉशर घालून त्याला रेषेत आणलंस. वॉशर घालणं म्हणजे वेळ मारून नेणं, असं मी म्हणालो. तू हसलीस आणि घरी गेलीस. तू गेल्यावर मी डोळा मिटून बघितलं. मला पुली पुढे आलेली दिसली आणि मी तो वॉशर काढून खिशात टाकला. तुला सांगितलं नाही. पोरीला काय कळतंय, असंच मनात होतं.

पुढे बाईंच्या गाडीचा पट्टा चढावर उडाला, पाण्याचा पंप थांबला आणि इंजिन उकळलं. गाडी ओढून आणली, बॉनेट उघडलं. पट्ट्याची एक कड कुरतडलेली बघितली आणि मला सगळं उमगलं. वॉशर तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात होता. बाई उभ्या होत्या, दोन गिऱ्हाइकं उभी होती. तू वाकून बघितलंस आणि हळूच म्हणालीस, "बाबा, पट्टी लावून बघू या का?"

मी म्हणालो, "आता काय बघायचं राहिलंय? एक धड काम येत नाही तुला."

पुढे जे तोंडसुख घेतलं ते परत लिहिण्याची हिंमत नाही. तू हात पुसलेस, एप्रन खुंटीला लावलास आणि निघून गेलीस.

याहून वाईट ते पुढेच आहे. तुझ्या नव्या वर्कशॉपच्या मालकांनी तुला घेण्याआधी मला फोन केला होता. पोरगी कामाला कशी आहे, असं विचारलं. मी म्हणालो, कष्टाळू आहे, पण इंजिनाला हात लावू देऊ नका. तेव्हा बाई आत तो कुरतडलेला पट्टा हातात घेऊन बसल्या होत्या, त्यांच्यासमोर मला दुसरं बोलवेना. तू तिथे नुसती चाकं बदलतेस हे आईने सांगितलं तेव्हा मी ताटावरून उठलो. तिला कारण कळलं नाही.

आज सकाळी बाईंना बोलावून वॉशर दाखवला आणि खरं काय ते सांगितलं. त्यांनी चहा घेतला नाही. मग तुझ्या मालकांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "म्हणजे तिचं काम बरोबर होतं?"

"बरोबर होतं. मी बिघडवलं आणि तिच्यावर घातलं."

उद्यापासून ते तुला इंजिनावर घेणार आहेत. असं अचानक कसं, म्हणून तिथे कोणी विचारलं तर खरं काय ते सांग. माझ्या अब्रूचा विचार करू नकोस. फोन ठेवल्यावर बॉनेटपाशी तू जिथे वाकली होतीस तिथे मीही वाकून बघितलं. ब्रॅकेटमधली ती रिकामी फट तिथून सरळ दिसते. वॉशर तू स्वतःच्या हाताने घातला होतास. तो तिथे नाही आणि तो कोणी काढला, हे तुला त्याच क्षणी कळलं असणार. तरी चार लोकांसमोर तू माझं नाव घेतलं नाहीस.

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

बाबा